सुरकुतीवर उलटी सुरकुती

लेसरचा समांतर झोत चांगल्या भिंगातून नेला की नाभीपाशी एक नेटका, गोल ठिपका मिळतो आणि त्याच्याभोवती फिकट वलये असतात, हे मी इतक्या वेळा वाचले आणि इतरांना सांगितले होते की तसे न घडण्याची शक्यता माझ्या मनातच आलेली नव्हती. त्या दिवशी कॅमेऱ्याने दाखवलेला ठिपका मात्र गोल नव्हता. त्याला अधिकच्या चिन्हासारखे चार हात फुटलेले होते आणि त्यांतला एक बाकीच्यांपेक्षा लांब होता. प्रकाशाच्या वाटेत लेसर, झोत रुंद करणारी दोन भिंगे, द्रव-स्फटिकाचा एक नवा पडदा (आरशासारखा प्रकाश परतवणारा, पण जागोजागी त्याला हवा तेवढा उशीर करू शकणारा), नाभीकारक भिंग आणि कॅमेरा एवढेच होते. पडद्याला मी कोणतीही आकृती पाठवलेली नव्हती. त्याच्यावर सगळीकडे एकसारखी करडी छटा होती. पडदा काढून त्याच्या जागी साधा सपाट आरसा लावला, तेव्हा ठिपका पुन्हा गोल झाला. म्हणजे दोष पडद्याचाच होता, आणि तो पडदा आम्ही मागवला होता तो इतर भिंगांचे दोष घालवण्यासाठी.

गोष्ट हसण्यासारखी होती, पण त्या संध्याकाळी मला हसू आले नाही. महागडे उपकरण सदोष निघाले, ते परत पाठवावे लागणार, एवढेच डोक्यात घोळत होते. ते उपकरण त्याच्या जातीतल्या इतर उपकरणांइतकेच वाकडे आहे, आणि ते वाकडे असूनही त्याच्याकडून सरळ काम करून घेता येते, हे समजायला मला काही आठवडे लागले. ते खऱ्या अर्थाने पटायला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

प्रकाशशास्त्रात अशा दोषांना विपथने म्हणतात. हा शब्द मला थोडासा दिशाभूल करणारा वाटतो, कारण तो ऐकून काही किरण वाट चुकले असावेत असे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि मग वाट चुकलेल्यांना अडवण्याचा विचार सुचतो. तरंगांच्या भाषेत पाहिले की चित्र निराळे दिसते. एका बिंदूकडे एकवटत येणाऱ्या प्रकाशाचे तरंगाग्र, म्हणजे ज्यावर सगळ्या तरंगांचे पाऊल सारखे असते तो पृष्ठभाग, हा त्या बिंदूभोवतीच्या गोलाचा तुकडा असायला हवा, तरच त्याचा प्रत्येक भाग एकाच क्षणी, पावलाला पाऊल जुळवून केंद्रापाशी पोहोचतो. वाटेतील काच एखाद्या ठिकाणी किंचित जाड असली, किंवा आरशाचा पृष्ठभाग किंचित खोलगट असला, की तरंगाग्राचा तेवढा भाग मागे पडतो आणि गुळगुळीत पृष्ठभागावर सुरकुती उमटते. प्रकाश हरवत नाही, तो उशिरा पोहोचतो. किती उशीर खपवून घेता येतो, याचा एक जुना आणि अजूनही वापरात असलेला हिशेब आहे: तरंगाग्रावरील विचलनांचे वर्ग-माध्य-मूळ (त्यांच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ) तरंगलांबीच्या चौदाव्या भागाएवढे असेल, तर ठिपक्याच्या मध्याची तेजस्विता आदर्शाच्या सुमारे ८० टक्के राहते. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरसाठी हा चौदावा भाग म्हणजे ३८ नॅनोमीटर. याहून सुरकुती मोठी झाली की तेजस्विता झपाट्याने उतरते.

सुरकुत्यांना नावे देण्याचे काम डच शास्त्रज्ञ फ्रिट्स झर्निके यांनी १९३४ मध्ये केले. त्यांनी वर्तुळाकार छिद्रासाठी अशा बहुपदी मांडल्या की कोणतीही सुरकुती त्यांच्या बेरजेने लिहिता यावी आणि एका बहुपदीचे प्रमाण बदलताना दुसरीच्या प्रमाणाला धक्का लागू नये. कलाभेद सूक्ष्मदर्शकासाठी त्यांना १९५३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामुळे त्यांचे नाव सहसा त्या संदर्भात घेतले जाते. माझ्यासारखीला मात्र ते रोज भेटतात ते या बहुपदींमधून. वाटीसारखी सुरकुती म्हणजे नाभी पुढेमागे सरकणे. घोड्याच्या खोगिरासारखी, एका दिशेने वर आणि तिला काटकोनात असलेल्या दिशेने खाली वळलेली सुरकुती म्हणजे अबिंदुकता, जिला चष्म्याच्या चिठ्ठीत सिलिंड्रिकल नंबर म्हणतात. कोमामध्ये ठिपक्याला एका बाजूने धूमकेतूसारखी शेपटी फुटते. गोलीय विपथनात भिंगाच्या कडेने आलेला प्रकाश आणि मध्यातून आलेला प्रकाश वेगवेगळ्या खोलीवर एकवटतात. माझ्या ठिपक्याचे चार हात हे खोगिराचे लक्षण होते, आणि त्यांतला लांबलेला हात कोमाचे.

मी ज्या आदर्श ठिपक्याची वाट पाहत होते, त्याला एअरी तबकडी म्हणतात. जॉर्ज बिडेल एअरी यांनी तिचे गणित १८३५ मध्ये मांडले. त्याच एअरींच्या डाव्या डोळ्याला खोगिराचा दोष होता, हे मला फार उशिरा कळले. पुठ्ठ्यातील बारीक छिद्रातून येणारा प्रकाश डोळ्यापासून कमीअधिक अंतरावर धरून, तो कुठे एका दिशेच्या रेघेसारखा दिसतो आणि कुठे तिला काटकोनात असलेल्या रेघेसारखा, हे त्यांनी मोजले, त्या दोन अंतरांवरून दोष किती आणि कोणत्या कोनात आहे हे काढले, आणि १८२५ मध्ये एका बाजूने गोलीय व दुसऱ्या बाजूने दंडगोलीय असे भिंग स्वतःसाठी करवून घेतल्याचे जाहीर केले. डोळा होता तसाच राहिला, त्याच्यासमोर त्याच्या उलट वाकडेपणा असलेली काच आली, इतकेच. या विषयातील पुढची सगळी कर्तबगारी मला या एका कृतीचा विस्तार वाटते.

त्या विस्तारातील सर्वांत गाजलेला प्रसंग हबल दुर्बिणीचा. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि तिचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटरने प्रमाणाबाहेर सपाट असल्याचे लक्षात आले. तपासणीच्या साधनातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसवले गेले होते आणि आरसा त्या चुकीच्या मापाबरहुकूम अतिशय काळजीपूर्वक घासला गेला होता. बातमी म्हणून ही नामुष्की होती. मला मात्र त्यातील ‘काळजीपूर्वक’ हा भाग अधिक मोलाचा वाटतो. आरसा ढिसाळपणे, जागोजागी वेगवेगळ्या तऱ्हेने वाकडा असता, तर त्याचे काही करता आले नसते. तो एकाच नियमाने वाकडा होता, म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांना तितक्याच मापाचा उलट वाकडेपणा असलेले छोटे आरसे आणि नवा कॅमेरा घेऊन जाता आले. काट्याने काटा काढायचा असेल, तर पहिला काटा कुठे, किती खोल आणि कोणत्या कोनात रुतला आहे हे आधी माहीत असावे लागते.

एअरींचे भिंग आणि हबलचे आरसे एकदाच घडवले गेले. दोष बदलला तर ते निरुपयोगी ठरतात. उलट सुरकुती हवी तेव्हा हवी तशी पाडता आली पाहिजे, हा विचार अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडला. ताऱ्यांच्या प्रतिमा वातावरणाने थरथरतात, तर आरशावर तेलाचा पातळ थर द्यावा, त्याच्यावर इलेक्ट्रॉनांच्या झोताने विद्युतभार पेरावा आणि भाराच्या ओढीने तेलाला हवी ती सुरकुती पाडावी, अशी त्यांची कल्पना होती. ती तशीच्या तशी प्रत्यक्षात आली नाही. दुर्बिणींमध्ये पुढे रुळले ते पाठीमागून ढकलता-ओढता येणारे लवचीक आरसे. पण विजेच्या इशाऱ्यावर आकार घेणारा द्रव ही त्यातली गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण माझ्या पडद्यातही द्रवच आहे, फक्त त्याचा पृष्ठभाग जागचा हलत नाही.

द्रव-स्फटिकांची ओळख १८८८ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर यांना झाली. कोलेस्टेरिल बेन्झोएट हा पदार्थ तापवताना तो १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तोच द्रव एकाएकी नितळ झाला. एका पदार्थाला दोन वितळणबिंदू कसे, या प्रश्नावर ओटो लेहमान यांनी पुढे काम केले आणि वाहणारे स्फटिक ही वदतोव्याघात वाटणारी संज्ञा रूढ झाली. गढूळ अवस्थेत रेणू द्रवासारखे घरंगळत असतात, पण लांबट रेणूंची तोंडे साधारण एकाच दिशेला राहतात. या शिस्तीमुळे रेणूंच्या लांबीच्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला एक अपवर्तनांक भेटतो आणि आडव्या दिशेने कंप पावणाऱ्याला दुसरा. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये असा थर भरून त्याला विद्युतदाब दिला की रेणू काचेला समांतर पडलेले असतात ते हळूहळू उभे राहू लागतात. दाब साधारण एक व्होल्टच्या उंबरठ्याखाली असेपर्यंत ते अजिबात हलत नाहीत. उंबरठा ओलांडला की जितका दाब अधिक, तितके ते अधिक उभे राहतात आणि त्यांच्यातून जाणाऱ्या प्रकाशाला भेटणारा अपवर्तनांक तितका कमी होतो. प्रकाशाला थरातील वाट कमी किंवा अधिक लांबीची वाटते, पण थराची जाडी तीच असते.

माझा पडदा म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर मांडलेले १९२० गुणिले १०८० बारीक आरसे, प्रत्येकाची बाजू सुमारे ८ मायक्रोमीटर, आणि त्यांच्यावर या द्रवाचा काही मायक्रोमीटर जाडीचा थर. प्रत्येक पिक्सेलला ० ते २५५ या करड्या छटांपैकी एक पाठवायची आणि तेथील रेणू त्या छटेच्या दाबाप्रमाणे कलतात. संगणकाला तो दुसरा मॉनिटर वाटतो, आणि एकदा मी चुकून माऊसचा बाण त्याच्यावर नेला, तेव्हा कॅमेऱ्यातील ठिपका शहारल्यासारखा हलला होता. थर ३ मायक्रोमीटरचा आणि दोन अपवर्तनांकांमधील फरक ०.२ धरला, तर जाऊन परत येणाऱ्या प्रकाशाला जास्तीत जास्त १.२ मायक्रोमीटरचा उशीर करता येईल, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या दोन तरंगलांबींहून थोडा अधिक. लवचीक आरशांशी तुलना केली तर हे फारच थोडे आहे. पण प्रकाशाला पूर्ण एका तरंगाचा उशीर झाला काय किंवा मुळीच झाला नाही काय, नाभीपाशी त्याचे पाऊल सारखेच पडते. म्हणून उंच सुरकुती एका तरंगाच्या उंचीला कापून पुन्हा शून्यापासून सुरू करता येते, आणि एका तरंगाएवढ्या आवाक्यात दहा तरंगांचा डोंगर मावतो. अशी घडी घातलेली आकृती पडद्यावर समोच्च रेषांच्या नकाशासारखी दिसते आणि मला ती अजूनही देखणी वाटते. या युक्तीला दोन अटी आहेत. घडी एकाच तरंगलांबीसाठी बरोबर बसते, दुसरा रंग आला की प्रत्येक कापावर चूक राहते. आणि उतार तीव्र झाला की एका घडीच्या वाट्याला येणारे पिक्सेल कमी होतात: आठ पायऱ्या मिळाल्या तर सुमारे ९५ टक्के प्रकाश ठरल्या जागी जातो, चार मिळाल्या तर ८१ टक्के, आणि दोनच मिळाल्या तर जेमतेम ४० टक्के. वीस लाखांहून अधिक पिक्सेल ऐकायला अमर्याद वाटतात, पण तीव्र उतारावर ते फार लवकर संपतात.

छटा आणि उशीर यांचे नाते सरळ रेषेचे नसते, त्यामुळे आधी ते मोजावे लागते. मी वापरते ती पद्धत दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसालाही लगेच समजली असती. पडद्यासमोर दोन छिद्रांचा पुठ्ठा ठेवायचा, म्हणजे डाव्या आणि उजव्या भागातून आलेले दोन झोत एकमेकांवर पडून व्यतिकरणाचे उजळ-काळे पट्टे तयार होतात. डाव्या भागाची छटा स्थिर ठेवायची, उजव्या भागाची एकेक पायरीने वाढवायची आणि पट्टे किती सरकतात ते पाहायचे. पट्टे एका पूर्ण अंतराने सरकले की एका तरंगाचा उशीर झाला. पहिल्या वक्राचा आरंभीचा भाग आडवा आला, तेव्हा मी काहीतरी बिघडले असे समजून तारा तपासत बसले होते. तो वर सांगितलेला उंबरठा होता. आठवड्याने हेच मोजमाप पुन्हा केले तर वक्र थोडा सरकलेला आढळला, कारण खोली अधिक उबदार होती, आणि तापमान वाढले की रेणूंची शिस्त सैल होऊन दोन अपवर्तनांकांमधील अंतर घटते. शिवाय दाब एकाच दिशेचा ठेवला तर द्रवातील आयन एका काचेकडे गोळा होऊन बसतात, म्हणून त्याची दिशा सतत उलटवत राहावी लागते. रेणूंना दिशेचे सोयरसुतक नसते, पण त्या उलटसुलट धक्क्यांबरोबर ते किंचित थरथरतात आणि ती थरथर प्रकाशाच्या कलेतही, म्हणजे त्याच्या तरंगाच्या पावलातही, उतरते. तिची सवय करून घ्यावी लागते.

आता पडद्याच्या स्वतःच्या वाकडेपणाकडे येते. सिलिकॉनची चकती पातळ असते आणि तिच्यावर काच चिकटवताना ती किंचित वाकते. काही तरंगलांबींचा बाक त्यात अगदी सहज येतो. उत्पादकाने पडद्याबरोबर त्याच्या सुधारणेची एक तयार आकृती दिलेली होती. ती लावल्यावर माझा ठिपका पुष्कळ सुधारला, पण पूर्ण गोल झाला नाही, कारण ती दुसऱ्या मांडणीत आणि दुसऱ्या तापमानाला मोजलेली होती आणि माझ्या पकडीचे स्क्रू मी माझ्या हाताने, बहुधा जरुरीपेक्षा घट्ट, पिळलेले होते. राहिलेला दोष हुडकण्यासाठी मला एक फार सुंदर युक्ती मिळाली. पडद्यावर गोल जिन्यासारखी आकृती पाठवायची, म्हणजे मध्याभोवती एक पूर्ण फेरी मारताना उशीर एका तरंगाने वाढतो. नाभीपाशी मग ठिपका उरत नाही, मध्ये काळोख असलेले प्रकाशाचे कडे तयार होते. साध्या ठिपक्यातील लहानसा दोष डोळ्याला जाणवत नाही, पण हे कडे अतिशय हळवे आहे: खोगिराचा थोडासा अंश असला तरी ते ताणले जाते आणि मधला काळोख दुभंगतो. कोमाचा अंश असला तर कड्याची एक बाजू जाड आणि उजळ होते. कडे सगळीकडे सारख्या जाडीचे होईपर्यंत मी एकेका बहुपदीचे प्रमाण शतांशाने कमीजास्त करत राहिले, आणि रात्री उशिरा ते तसे झाले. जिना काढून टाकल्यावर कॅमेऱ्यात एअरींची तबकडी होती, तिच्याभोवतीची पहिली तीन वलये मला मोजता आली. त्या क्षणी पडद्यावरील करडी आकृती पाहण्यासाठी मी मॉनिटरकडे वळले. ती पडद्याच्या दोषाचा ठसाच होती, फक्त उलटा. पडदा आपल्याच वाकडेपणाचे उलटे चित्र आपल्यावर धरून उभा होता आणि म्हणून सपाट असल्यासारखा वागत होता.

यानंतर सगळे सुरळीत होईल अशी माझी समजूत झाली. पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची होती. त्याच्या भिंगाचे दोष मी हार्टमन-शॅक पद्धतीच्या संवेदकाने मोजले. त्यात बारीक भिंगांची जाळी असते, प्रत्येक भिंग आपापला ठिपका पाडते आणि ठिपका जागचा किती सरकला यावरून तेथील तरंगाग्राचा उतार कळतो. आलेल्या आकड्यांची चिन्हे उलटी करून आकृती पडद्यावर पाठवली, तर खोगिराचा दोष नाहीसा झाला आणि कोमा बरोबर दुप्पट झाला. दोन दिवस मी संवेदकाला दोष देत होते. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मांडणीकडे पाहून शांतपणे विचारले, “पडद्याची प्रतिमा भिंगावर सुलटी पडते की उलटी, हे पाहिलेत का?” पडदा आणि सूक्ष्मदर्शक यांच्यामध्ये दोन भिंगांची जोडी होती आणि ती आकृतीला अर्ध्या फेऱ्याने फिरवत होती. खोगीर अर्ध्या फेऱ्याने फिरवले तरी खोगीरच राहते, वाटी वाटीच राहते. कोमाची शेपटी मात्र विरुद्ध बाजूला जाते. माझी उलट सुरकुती कोमापुरती पुन्हा सुलट झाली होती आणि मूळ दोषात मिळाली होती. वाटेत आरशांची संख्या विषम असती, तर आणखी निराळी गंमत झाली असती: उभ्या-आडव्या खोगिराला काही झाले नसते, पण ४५ अंशांत तिरक्या असलेल्या खोगिराचे चिन्ह पालटले असते. तेव्हापासून प्रत्येक नव्या मांडणीत मी आकडेमोड करण्याआधी पडद्यावर मोठे ‘र’ हे अक्षर पाठवते. त्याच्या कडा भिंगाच्या छिद्राच्या जागी अंधुक का होईना पण दिसतात, आणि ‘र’ फिरला आहे, आरशात पडला आहे की तसाच आहे, याबद्दल वाद घालायला जागा राहत नाही.

खऱ्या नमुन्यात, म्हणजे पाणीदार ऊतीच्या आत खोलवर पाहताना, संवेदक ठेवायला जागाच नसते. तेलात बुडवायच्या भिंगासाठी तेल आणि काच यांचा अपवर्तनांक सुमारे १.५२ असतो, नमुन्यातील पाण्याचा १.३३, प्रकाश त्या सीमेतून आत जाताना गोलीय विपथन येते आणि खोलीबरोबर ते वाढत जाते. येथे चाचपडणे हाच उपाय असतो, पण ते शिस्तीने करता येते. एका बहुपदीचे प्रमाण थोडे उणे, शून्य आणि थोडे अधिक असे तीनदा ठेवायचे, तिन्ही वेळची उजळता नोंदवायची, त्या तीन बिंदूंतून परवलय काढायचे आणि त्याच्या शिखरावर जाऊन थांबायचे. मग पुढची बहुपदी. शून्याचे मोजमाप सर्वांसाठी एकच धरले, तर दहा बहुपदींना एकवीस प्रतिमा पुरतात. पुस्तकात ही कृती निर्दोष असते. प्रत्यक्षात प्रत्येक प्रतिमेबरोबर नमुन्यातील चमकणारा रंग थोडा विटत जातो, त्यामुळे शेवटची मोजमापे उगाचच वाईट दिसतात आणि शिखर भलतीकडे सरकते. म्हणून मी शेवटी शून्याचे मोजमाप पुन्हा घेते आणि उतरलेला भाग हिशेबात धरते. ज्यात उजळता प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गावर अवलंबून असते अशा दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकात तर ठिपका किंचित सुधारला की चित्र झटकन उजळते, आणि त्या उजळण्याचा मोह आवरून आकडे पूर्ण करणे मला अजूनही जमतेच असे नाही.

या पडद्यांच्या मर्यादा त्यांच्या जाहिरातींत बारीक अक्षरांत असतात. ते फक्त एका ध्रुवणदिशेच्या प्रकाशावर काम करतात. आडव्या दिशेने कंप पावणाऱ्या प्रकाशाला रेणूंचे कलणे कळतच नाही, आणि तो न सुधारलेला प्रकाश सुधारलेल्या ठिपक्यावर भुतासारखा बसून राहतो. त्याला चुकवण्यासाठी आम्ही आकृतीत मुद्दाम एक उतार मिसळतो, म्हणजे कामाचा प्रकाश बाजूला निघून जातो आणि उरलेला मूळ जागी राहतो, अर्थात काही प्रकाश गमावूनच. दुसरे, रेणू सावकाश कलतात. थर निम्मा पातळ केला तर वेग चौपट होतो, पण उशीर करण्याची क्षमता निम्मी होते. वातावरणातील खळबळ हजारांश सेकंदांच्या हिशेबात बदलते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांनी लवचीक आरसेच पसंत केले, आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. १९९७ मध्ये जिवंत डोळ्याच्या दृष्टिपटलातील पेशी विपथन-सुधारणेने पाहिल्या गेल्या, तेव्हाही वापरला होता तो ३७ ठिकाणी ढकलता येणारा आरसा. जेथे दोष संथ आणि बारकाव्याने भरलेला असतो, तेथे मात्र लाखो पिक्सेलांना तोड नाही. २००७ मध्ये व्हेलेकूप आणि मॉस्क यांनी नेदरलँड्समध्ये अशाच पडद्याने टिटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या, अपारदर्शक थरापलीकडे प्रकाश एकवटून दाखवला. ठिपका भोवतालच्या विखुरलेल्या प्रकाशाहून सुमारे हजार पट उजळ होता. पांढऱ्या रंगाला विपथन म्हणायचे धाडस तोवर माझ्या मनाने केले नव्हते. त्या थरात सुरकुत्यांची नावे संपतात, आणि तरीही उलट सुरकुती असते.

मात्र ती त्या एका ठिपक्यापुरतीच असते. ऊतीतही मी एका पेशीसाठी आकृती बसवते, चित्र स्वच्छ होते, आणि दृष्टिक्षेत्राच्या टोकाशी असलेली दुसरी पेशी पूर्वीपेक्षा अधिक पुसट झालेली असते, कारण तिच्यापर्यंतचा प्रकाश वेगळ्या वाटेने आलेला असतो आणि त्याला न झालेल्या दुखण्याचे औषध पाजले गेलेले असते. यामुळेच ‘दुरुस्ती’ हा शब्द मी हल्ली माझ्या नोंदवहीत लिहीत नाही, ‘भरपाई’ लिहिते. भिंग दुरुस्त होत नाही, ऊती दुरुस्त होत नाही आणि पडद्याची वाकलेली चकतीही सरळ होत नाही. ठराविक रंगाच्या, ठराविक दिशेने कंप पावणाऱ्या, ठराविक जागी जाणाऱ्या प्रकाशाचा तेवढा हिशेब चुकता होतो.

काल एका नव्या नमुन्यासाठी आकृती बसवून झाली, तेव्हा खोलीत २३ अंश तापमान होते. आज सकाळी खोली २१ अंशांवर होती. तीच आकृती पाठवली आणि कड्याचा मधला काळोख पुन्हा किंचित दुभंगलेला दिसला. मी फाइलच्या नावात आता तारीख, तरंगलांबी, खोलीचे तापमान आणि वाटेतील आरशांची संख्या एवढे सगळे लिहिते, त्यामुळे नावे फार लांब होतात आणि संगणक ती अर्धवट दाखवतो. नवी फाइल उघडली, पडद्यावर ‘र’ पाठवला, तो उलटा पडतो आहे याची खात्री केली आणि खोगिरापासून सुरुवात केली.